एकोणीस जणांचं पान

१

पुस्तक जागेवर होतं. काचेची पेटी होती, पेटीचं कुलूप होतं, कुलपावर साधा ओरखडा नव्हता. फक्त पान नव्हतं. आणि तेही नेमकं उद्याचं.

त्या स्मारकात लढाईत गेलेल्यांच्या नावांचं एक पुस्तक होतं. वीतभर रुंद, दोन विती उंच, उशीएवढं जाड. वर्षाचे दिवस जितके, पानं तितकी. जो ज्या दिवशी गेला त्याचं नाव त्या दिवसाच्या पानावर. रोज सकाळी सातला राखणदारकाका एक पान उलटायचा. तीस वर्षं झाली, एक नागा नाही. ज्यांच्या घरचं नाव त्या दिवशी वर येईल त्यांच्यासाठी पेटी उघडायची, आणि त्यांनी नावावर हात ठेवायचा. बाकी कुणी बोट लावायचं नाही. मग तो मंत्री असो नाहीतर मंत्र्याचा बाप.

उद्याच्या पानावर एकोणीस नावं होती. पुलावरची. एकोणिसातल्या एकाचंही प्रेत घरी आलं नव्हतं.

आणि पुलावर ज्यानं गोळी घालायचा हुकूम दिला, तेव्हाचा तो मिसरूड फुटलेला अधिकारी, आज पलीकडच्या देशाचा सर्वेसर्वा होता. उद्या अकराला तो इथे येणार होता. वरून हुकूम सुटला होता, त्याला 'पाहुणे' म्हणायचं. लोक 'तो' म्हणायचे. राखणदारकाका तेवढंही म्हणत नव्हता. विषय निघाला की बाहेर जाऊन थुंकून यायचा.

पण त्या पाहुण्याच्या खिशात नकाशा होता. एकोणीस जण कुठे पुरले त्याचा. इथे येऊन मान झुकवीन, नकाशा देईन, असा सौदा होता.

हवालदारबाईला साडेनऊला बोलावलं. तीन आठवडे बंदोबस्त करून तिचे पाय असे सुजले होते की बूट काढले तर परत चढणार नाहीत, म्हणून ती काढतच नव्हती. पेटीसमोर उभी राहून तिनं एक लांब उसासा सोडला.

"कुणी पाहिलं आधी?"

"मी," मास्तर म्हणाले. स्मारक समितीचे अध्यक्ष, शाळेतून निवृत्त, पण बोलताना अजून हातात खडू असल्यासारखे. "नऊ वाजता. उद्याची तालीम करायची म्हणून किल्ली लावून पेटी उघडली, आजचं पान उचललं तर खाली थेट परवाचं! आणि बाई, हे बघा, उलटून गेलेल्या पानांमधलं एक पान सुटून माझ्या हातात आलं."

"चोरानं दोन पानं फाडली?"

"नाही, हे अख्खं आहे. नुसतं सुटलंय. दोन दिवसांपूर्वीचं पान."

मागे एक बारीक चणीचा, इस्त्रीच्या कपड्यातला माणूस उभा होता. तो पाहुण्यांचा माणूस, तयारी बघायला पुढे आलेला. आपली भाषा तो आपल्यापेक्षा शुद्ध बोलायचा, त्याचाच राग यायचा.

"चार वाजता मी फोन करणार आहे," तो म्हणाला. "पान जागेवर असेल तर ते येतील. नसेल तर आम्ही हा अपमान समजू. मग भेट नाही. आणि नकाशाही नाही."

२

हवालदारबाई आधी फाटकावर गेली. फाटकावरचा शिपाई पेंगत होता.

"झोप, झोप. उद्या तो आला की उठवते तुला."

"नाय बाई, डोळे मिटून विचार करत होतो. येऊ द्यावा का नाही त्याला?"

"मग काय ठरलं?"

"आला तरी मरण, नाही आला तरी मरण. आपल्याला सुट्टी कधी मिळणार तेवढं सांगा."

वहीत सकाळपासून दोनच नावं. साडेआठला मास्तर, पावणेनऊला पाहुण्यांचा माणूस. आठ दिवसांपासून आत सुईसुद्धा नेता येत नव्हती. ब्लेड, कात्री, चाकू, लायटर, जे असेल ते फाटकावरच्या ताटात काढून ठेवायचं, जाताना परत न्यायचं. बाईनं ताटात डोकावलं. एक लायटर, एक खिशातला चाकू, दोन विणायच्या सुया.

ती ते बघून पुढे गेली. चार पावलं गेल्यावर तिचं डोकं खाजलं, पण का ते तिला तेव्हा कळलं नाही. झोप नसली की असं होतं. माणूस बघतो आणि मेंदू म्हणतो, नंतर या.

राखणदारकाका मागच्या खोलीत खाटेवर बसला होता. त्या खोलीशिवाय त्याला जगात कुठे छप्पर नव्हतं, आणि मास्तरांनी सकाळीच सुनावलं होतं की पान मिळालं नाही तर सामान बांध.

"काका, किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या गळ्यात, एक मास्तरांकडे."

"सकाळी सातला पान उलटलंस तेव्हा उद्याचं होतं?"

"खालचं पान मी बघत नसतो. ज्याचा दिवस त्यानं यावं."

"पेटी किती वेळ उघडी होती?"

काकानं गुडघे चोळले. "उलटलं की झालं. एवढाच वेळ."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की घरभर वास सुटतो. बाईनं नाक मुरडलं नाही. नुसती त्याच्या शेजारी खाटेवर बसली. काही बोलली नाही, कारण बोलायचं त्राणच नव्हतं. आणि बघा, नेमकं तेच कामाला आलं.

"वारा देतो मी," काका हळूच म्हणाला. "पुस्तकाला. रोज उलटून झालं की पाव तास झाकण उघडं ठेवतो. नाहीतर कोंदटतं, बुरशी धरते. हे मला कुणी सांगितलेलं नाही, माझं मीच. आणि तेवढा वेळ मी बाहेर पायरीवर बसतो. गुडघे धरतात गं. चहा पितो."

"चहा कोण करतं?"

काका गुडघे धरून उठला आणि खाटेवरची चादर झटकू लागला. खोलीच्या कोपऱ्यात स्टोव्ह नव्हता, शेगडी नव्हती, साधं पातेलंही नव्हतं.

३

दुपारी बारा. मास्तरांची खोली.

"कुणाला पाहिजे होतं पान जावं असं?" बाईनं विचारलं.

"विचारायचं काय त्यात? बांधणीवाली! कालच्या सभेत टेबलावर हात आपटून म्हणाली, 'त्याचं पाऊल इथे पडलं तर मी ही फरशी उखडून काढीन.' आणि मी उद्याचा कार्यक्रम वाचायच्या आत तरातरा निघून गेली."

बांधणीवाली म्हणजे कोपऱ्यावरच्या पुस्तकबांधणीच्या दुकानाची मालकीण. एकोणिसातल्या एकाची बायको. लग्नाला सात महिने झाले होते तेव्हा तो पुलावर गेला. हे पुस्तकही तिनंच शिवलेलं, आणि आठ दिवसांपूर्वी पुठ्ठा ढिला झाला म्हणून तीच येऊन नीट करून गेली होती.

"आणि तिची सासू?"

"आजीचं अगदी उलट. सगळ्यात आधी हात वर केला तो आजीनं. 'येऊ दे त्याला. मला माझ्या पोराची हाडं पाहिजेत.' त्या दिवसापासून सासू-सून एका घरात राहतात, एका स्टोव्हवर रांधतात, पण बोलत नाहीत."

बाईनं टेबलावरचा कार्यक्रमाचा कागद ओढला. अकरा वाजता आगमन. अकरा पाच, मान झुकवणे. अकरा दहा, पाहुणे पानावर हात ठेवतील, फोटो.

"हात ठेवतील?" बाई म्हणाली. "हात तर घरच्यांनी ठेवायचा असतो ना?"

मास्तरांनी चष्मा पुसला. स्वच्छ चष्मा परत पुसला. "त्यांनी आग्रह धरला. नकाशा पाहिजे की नको? थोडं सोसावं लागतं, बाई."

"कुणी कुणी ऐकलं हे?"

"सभेतल्या सगळ्यांनी. कुणी चकार शब्द काढला नाही. आजी पुढेच बसली होती, लोकर गुंडाळत होती. तिची पण हरकत नव्हती."

४

बांधणीवालीला बोलावलं तेव्हा ती हात पुसतच आली. नखांत कागद चिकटवायची खळ वाळलेली. वय पन्नाशीच्या पुढचं, आवाज अजून विशीतला, करवतीसारखा.

"मी घेतलं असतं तर पळून नसते गेले. फाटकावर उभी राहून त्याच्या तोंडासमोर नाचवलं असतं," ती म्हणाली.

"बरं. मला एवढं सांग ताई, कशानं कापलंय?"

बांधणीवाली पुस्तकावर वाकली. पान जिथून गेलं तिथली कड तिनं बोटानं चाचपली. आणि तिचं तोंड, जे सकाळपासून एकदाही बंद झालं नसेल, ते बंद झालं. कडेला काहीतरी चिकटलं होतं. तिनं ते दोन बोटांच्या चिमटीत उचललं आणि पदराला पुसल्यासारखं केलं.

हवालदारबाईनं ते पाहिलं. पाय थकले होते तिचे, डोळे नव्हे.

"कापलेलं नाही," बांधणीवाली सावकाश म्हणाली. "फाडलंय. ओला दोरा शिवणीच्या घडीत ठेवायचा, वर पान दाबायचं. दहा मिनिटांत कागद मऊ होतो, ओढला की आवाज न करता सुटतो. आम्ही डागडुजीचा कागद तसाच फाडतो, म्हणून कडेला लव राहते."

"आम्ही म्हणजे?"

"मी." तिनं मान वर केली. "मीच काढलंय. आठ दिवसांपूर्वी पुठ्ठा नीट करायला आले तेव्हा. जाळून टाकलं. घाला बेड्या."

"झालं!" मास्तर टुणकन उठले. "मी सकाळपासून काय सांगतोय!"

पाहुण्यांच्या माणसानं घड्याळ पाहिलं. दोन वाजून गेले होते. "म्हणजे पान नाहीच. मग फोन आत्ताच करायला हरकत नसावी."

त्यानं खिशातून फोन काढला.

५

"ठेव तो," हवालदारबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. कंटाळलेल्या माणसाचा आवाज असतो ना, ज्याच्यापुढे भांडायला पण लाज वाटते, तसा. "चार म्हणजे चार. अजून दीड तास आहे."

ती खुर्चीत बसली, आणि तिला ते सुटलेलं पान आठवलं.

"मास्तर, हे दोन दिवसांपूर्वीचं पान का सुटलं?"

"मला काय माहीत?"

"ताई, तू सांग."

बांधणीवाली नखांतली खळ कोरू लागली.

"मी सांगते," बाई म्हणाली. " मुलाच्या वह्या मी शिवल्यात. एक मोठा कागद दुमडला की दोन पानं होतात, आणि शिवण मधल्या घडीतून जाते. एक पान घडीपाशी फाडलं की त्याचं जोडीदार पान सुटतं. उद्याच्या पानाचं जोडीदार हे. हे बांधणीवालीला माहीत नसेल? तू काढलं असतंस तर बोटभर पट्टी मागे ठेवून फाडलं असतंस. तुझ्या हातानं शिवलेलं पुस्तक तू खिळखिळं केलं नसतंस, ताई. रागात माणूस फरशी उखडेल, पण स्वतःचं काम नाही बिघडवत."

"घाईत होते मी."

"आणि दुसरं. काका, हे दोन दिवसांपूर्वीचं पान तू काल सकाळी उलटलंस. तेव्हा घट्ट होतं?"

दारातला राखणदार म्हणाला, "घट्ट. सुटं असतं तर माझ्या हातात आलं असतं की."

"म्हणजे आठ दिवसांपूर्वी नाही, काल सकाळनंतर फाटलंय. आणि काल सकाळनंतर पेटी उघडली ती आज सातला, वारा द्यायला. त्या पाव तासात. कुलूप फोडायची गरजच पडली नाही कुणाला."

"पण सातला आत कोण होतं?" मास्तर ओरडले. "फाटकाच्या वहीत कुणीच नाही!"

तेव्हा बाईला कळलं, सकाळी डोकं का खाजलं ते. ताटातला लायटर पाहुण्यांच्या माणसाचा, चाकू मास्तरांचा. मग विणायच्या सुया कुणाच्या?

ती उठून फाटकावर गेली. "सुया कुणाच्या रे?"

"आजीच्या," शिपाई म्हणाला. "रोज पावणेसातला येते की, काकाला थर्मासमधून चहा घेऊन. मग दिवसभर आत झाडाखाली बसते."

"वहीत का नाही लिहिलंस?"

शिपायानं तिच्याकडे असं पाहिलं जसं तिनं चिमणीचं नाव लिहायला सांगितलंय. "आजीला कोण लिहितं, बाई?"

६

आजी आवारातल्या बाकावर बसली होती. मांडीवर राखाडी लोकरीचा गुंडा, हात रिकामे.

"सुया काढून घेतात मेले," ती म्हणाली. "मी काय त्याला सुईनं मारणार? मारायचं असतं तर सुईची गरज नव्हती. शिव्या पुष्कळ आहेत माझ्याकडे."

हवालदारबाई शेजारी बसली. मागून बांधणीवाली आली आणि झाडाला टेकून उभी राहिली. मास्तरांना बाईनं खोलीतच बसवून ठेवलं होतं.

"आजी, लोकरीचा गुंडा गोल असतो," बाई म्हणाली. "तुमचा दुधीसारखा लांबट कसा?"

आजीनं गुंड्यावर दोन्ही हात ठेवले.

"आई," बांधणीवाली म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिनं हाक मारली असावी, कारण आजीनं चमकून वर पाहिलं. "लोकरीची लव राहिली होती कडेला. मी काढली."

"तुझ्याच दुकानात बसून बसून शिकले," आजी म्हणाली. "दोरा तोंडात ओला करायचा म्हणून. जोडीदार सुटतो ते नव्हतं ठाऊक मला."

"पण तुम्हालाच तर तो यायला पाहिजे होता! सगळ्यात आधी हात तुम्ही वर केलात!" बांधणीवाली म्हणाली.

"पाहिजेच आहे. येऊ दे त्याला. वाकू दे, रडू दे, काय करायचं ते करू दे, आणि माझ्या पोराची हाडं कुठे आहेत ते सांगू दे. मी पंच्याहत्तरची. आणखी किती थांबू? पण काल मास्तरांनी वाचलं, तो पानावर हात ठेवणार. तू निघून गेली होतीस." आजीनं उजव्या हाताचं बोट पुढे धरलं. "तीस वर्षं वर्षातनं एकदा मी त्या नावावर बोट ठेवते. पहिलं अक्षर फिकं झालंय माझ्या बोटानं. तिथे तो हात ठेवणार? त्याच हातानं इशारा केला होता ना त्यानं? पान नसलं तर काय करेल, कोऱ्या जागी ठेवेल हात. मला काय ठाऊक, पान नाही तर नकाशा नाही म्हणतील!"

बांधणीवाली आजीच्या पायाशी खाली बसली. "मला हे सांगायचंत ना."

"तू बोलत नव्हतीस."

"तुम्ही बोलत नव्हता."

"घ्या," हवालदारबाई म्हणाली. "आता एक तास दहा मिनिटं राहिलीत, नंतर भांडा."

आजीनं लोकर सोडवायला घेतली. आतून पान निघालं, नळीसारखं गुंडाळलेलं, एक सुरकुती नाही.

"घडी नाही घातलीत," बाई म्हणाली.

"पोराची घडी घालतात का गं?"

हवालदारबाईला एकदम स्वतःच्या बापाचं पान आठवलं. याच पुस्तकातलं, थंडीतल्या दिवसाचं. दर वर्षी त्या दिवशी तिची कुठेतरी ड्युटी असायची. एकदाही हात ठेवला नव्हता तिनं. तिनं डोळ्यांवरून हात फिरवला, झोपेनं चुरचुरत होते.

"आता काय करायचं?" आजीनं विचारलं. "पान परत ठेवलं तर तो हात ठेवणार. नाही ठेवलं तर माझ्या पोराची हाडं जाणार."

बांधणीवाली पानाच्या कडेकडे बघत होती. मग स्वतःच्या नखांतल्या खळीकडे. आणि आठ-पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या ओठाचा कोपरा हलला.

"मी बसवते पान," ती म्हणाली.

७

चारला पाच कमी असताना पान जागेवर होतं. कडेला बारीक पट्टी लावून, जोडीदारासकट. "कुठे मिळालं?" मास्तर विचारत होते. "कुणी—"

"मिळालं," हवालदारबाई म्हणाली. "राखणदाराचं सामान सोडायला सांगा, त्याचा काही दोष नाही. बाकी विचारू नका, मास्तर. थोडं सोसावं लागतं."

पाहुण्यांचा माणूस पेटीवर वाकला. झाकणाला कुलूप होतं, आणि वर बांधणीवालीच्या अक्षरात एक पाटी. *खळ ओली आहे. हात लावू नये.*

"हात ठेवायचं ठरलं आहे," तो म्हणाला.

"ठेवा की," बांधणीवाली म्हणाली. "अजून चार दिवस ओलं राहील ते. ओल्या कागदावर शाई सुटते. तुमच्या साहेबांच्या तळहातावर एकोणीस नावं उमटतील, अगदी ठळक. फोटोत छान दिसतील. उघडू का पेटी?"

पाहुण्यांच्या माणसानं तिच्याकडे पाहिलं. मग फोन लावला, पाठ फिरवून बराच वेळ बोलला. "अकरा दहाचा कार्यक्रम रद्द," तो म्हणाला. "बाकी ठरल्याप्रमाणे."

दुसऱ्या दिवशी तो आला. टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा बुटका होता, आणि चालताना डावा पाय ओढायचा. पेटीसमोर उभा राहिला, मान झुकवली. खाली वाकताना त्याचा हात सवयीनं पुढे गेला, आणि पाटीपाशी थांबला. त्याच्या माणसानं कानात काहीतरी सांगितलं. हात मागे गेला आणि कोटाच्या खिशात शिरला. येताना नकाशाचं पाकीट घेऊन आला. ते त्यानं मास्तरांच्या हातात दिलं. आजी सगळ्यांत पुढे उभी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पाकिटाकडेच बघत होती.

गाड्या गेल्या. बंदोबस्त उठला. शिपाई खुर्चीत उघडउघड झोपला. हवालदारबाईनं बाकावर बसून अखेर बूट काढले.

आत राखणदारकाका पेटीपाशी घुटमळत होता. "आज तुमचा दिवस," तो सासू-सुनांना म्हणाला. "पण चार दिवस ओलं म्हणता. तोवर तर पान उलटून जाईल. आता पुढच्या वर्षीच, नाही का?"

बांधणीवालीनं पाटी उचलली आणि पदराआड घातली.

"उघडा काका," ती म्हणाली. "खळ कालच वाळली."